आऱ्या मातीत शिरायच्या आत जिप्सम टाका

कर्नाटकी बेंदराच्या (ज्येष्ठातला बैलांचा सण) आगेमागे पेरलेल्या भुईमुगाच्या शेंगा आता फुलावर आल्या आहेत. आषाढातला महाराष्ट्री बेंदूर झाला की आठ-दहा दिवसांत आऱ्या सुटतात, म्हणजे फुलातून खाली येऊन मातीत शिरणारे, टोकाला शेंग धरणारे देठ. जिप्सम, म्हणजे कॅल्शियम आणि गंधक देणारं खनिज, टाकायची वेळ तेवढीच. यंदा पाऊस उघडीप देईल तो पहिला वापसा (रानात काम करता येईल अशी बेताची ओल) याच कामाला लावा, बाकीची कामं दोन दिवस थांबली तरी चालतील.

खानापूर, बेळगाव, हुक्केरीच्या तांबड्या रानांत दरवर्षी तेच बघतो. वेल हिरवागार, गुडघ्याला लागणारा. उपटून शेंग अंगठ्यानं दाबली की टरफल आत जातं. फोडली तर एका कप्प्यात दाणा, दुसऱ्यात सुरकुतलेलं साल. मग बियाण्याला नावं ठेवतात, पावसाला ठेवतात. खरी उणीव कॅल्शियमची असते.

कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर वर चढतं. पान पाणी उडवतं म्हणून ते पानाकडं ओढलं जातं, आणि एकदा पानात बसलं की खाली उतरत नाही म्हटलं तरी चालेल. शेंग मातीत, तिथून पाणी उडत नाही. त्यामुळं मुळानं घेतलेलं कॅल्शियम तिच्या वाट्याला येत नाही. आरी आणि कोवळी शेंग आपल्या सालीनंच भोवतालच्या मातीतून ते शोषून घेतात. म्हणून जिप्सम वरच्या दोन-तीन इंच मातीत, झाडाच्या बुडाशीच पाहिजे. नांगरटीला खोल गाडलेलं शेंगेच्या कामाचं नाही.

शिफारस एकरी २०० किलो, पेरणीपासून ३० ते ३५ दिवसांनी. ओळीच्या दोन्ही बाजूंना टाकून कोळप्यानं हलकी माती लावायची. माती ओली हवी, पण मुसळधार पावसाच्या तोंडावर टाकू नका, हलक्या रानातून धुऊन जातं. तिथं मी निम्मं ३० व्या दिवशी आणि निम्मं आठ-दहा दिवसांनी टाकायला सांगतो. पुस्तकात एकच हप्ता आहे, हे माझ्या नजरेतलं. ज्या माळावर तेरडा दाट माजतो तिथं चुन्याची भूक जास्त, असाही माझा अंदाज आहे.

दुकानदार याच दिवसांत ‘कॅल्शियमची बाटली’ पुढं करतो. घेऊ नका. बाटलीत १० टक्के कॅल्शियम धरलं तर लिटरमागं १०० ग्रॅम. २०० किलो जिप्सममध्ये खडे-माती वजा करूनही ३५ किलोच्या आसपास. म्हणजे साडेतीनशे बाटल्या! शिवाय फवारलेलं पानावरच राहतं, शेंगेपर्यंत पोचत नाही. पेरणीला डीएपी खताऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट घातलं असतं तर स्फुरदाबरोबर कॅल्शियम आणि गंधकही मिळालं असतं. डीएपीत दोन्ही नाहीत. पुढच्या वर्षी लक्षात असू द्या.

अथणी, गोकाककडच्या काळ्या चुनखडीच्या रानात कॅल्शियम मुबलक असतं. ढेकळावर पातळ ॲसिड टाकून फसफसलं तर त्यासाठी खर्च करू नका. आम्लधर्मी तांबड्या रानाला चुना लागतो, पण तो पेरणीआधी आणि माती तपासूनच. जिप्समनं मातीचा आम्लपणा जात नाही, दोन्ही एक समजू नका.

इतर कामं:
- भांगलण ३० दिवसांच्या आत
- आऱ्या शिरल्यावर कोळपं बंद
- आऱ्यांच्या वेळी वरून पोटॅश नको
- साचलेल्या पाण्याला चर
- टिक्का (पानावरचे ठिपके) दिसताच मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, लिटरला २ ग्रॅम
- मावा, तुडतुड्यांवर ५ टक्के निंबोळी अर्क

जिप्सम रयत संपर्क केंद्रात (कर्नाटकच्या कृषी खात्याचं केंद्र) सवलतीत आलंय का ते आधी विचारा. उतारा आणि आधार न्या, अर्ज कन्नडात भरायचा असला तर लिहिणारं कुणीतरी सोबत घ्या. तिथं नसेल तर साधं पोत्यातलं घ्या. रंगीत पिशवीतल्या महागड्या दाण्यांची गरज नाही.

ज्यांची पेरणी होऊन ४५ दिवस उलटले, त्यांनी आता पैसे घालू नयेत. पाऊस ओढला तर एक पाणी द्या, ओल असली की मातीत आहे तेवढं तरी शेंगेला मिळतं. त्या रानातलं बी मात्र ठेवायच्या आधी पाच-पंचवीस दाणे उकलून बघा. आतला कोंब काळपट दिसला तर ते बी पेरू नका, उगवण विरळ होते.