गौरी-गणपतीनंतर काटा वर गेला तर

दोन दिवस मोदक, पुरणपोळी झाली आणि काट्यावर दीड किलो जास्त दिसलं की बरेच जण "जाऊ दे आता" म्हणत महिनाभर सगळंच सोडून देतात. खरं नुकसान त्या महिन्यात होतं. एक किलो चरबी वाढायला गरजेपेक्षा सुमारे 7,700 कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. दोन दिवसांत वाढलेलं वजन बहुतेक पाण्याचंच असतं: मीठ पाणी धरून ठेवतं, आणि ग्लायकोजेन म्हणजे शरीरात साखर ज्या रूपात साठते ते, त्याच्या दर ग्रॅमबरोबर साधारण 3 ग्रॅम पाणी साठतं. नेहमीचं जेवण सुरू झालं की ते उतरतं. म्हणून सणानंतर आठवडाभर काट्यावर उभंच राहू नका. नंतर बघाल तेव्हा सकाळी, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी.

उपास करून भरपाई तर अजिबात नको. संध्याकाळी पाय हमखास भेळेच्या गाडीकडे वळतात. त्यापेक्षा वाईट दिवसासाठी छोटा बेत आधीच ठरवून ठेवा. पावसाने पुण्यातल्या तळजाई टेकडीची वाट निसरडी झाली, पर्वती चढणं राहिलं, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून नऊला घरी पोचलात, तर जेवून सोसायटीतच दहा मिनिटं चाला.