स्तनाच्या कॅन्सरचा रिपोर्ट गाठीशी जुळत नाही? या चुका टाळा

ईआर आणि पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सचे पेशींमधले रिसेप्टर), हर-२ (पेशींची वाढ घडवणारं प्रथिन) आणि केआय-६७ (किती टक्के पेशी विभागत आहेत, त्याचा आकडा) या चार तपासण्यांवरून स्तनाच्या कॅन्सरचा उपप्रकार ठरतो आणि औषधंही त्यावरच. पण हा रिपोर्ट एकटा वाचला की फसगत होते. पेशंटचं वय, पाळी सुरू आहे की गेली, गाठीचा प्रकार आणि ग्रेड (गाठीतल्या पेशी निरोगी पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात, १ ते ३) शेजारी ठेवून तो वाचायचा.

पाळी गेलेल्या बाईची ग्रेड १ ची लोब्युलर, ट्युब्युलर किंवा म्युसिनस गाठ जवळपास नेहमी ईआर पॉझिटिव्ह निघते. वय चाळिशीच्या आत, झपाट्यानं वाढलेली ग्रेड ३ ची गाठ, त्यात बीआरसीए-१ या जनुकात दोष, तर ट्रिपल निगेटिव्हची (ईआर, पीआर आणि हर-२ तिन्ही निगेटिव्ह) शक्यता वाढते. म्हणून ६८ वर्षांच्या बाईच्या ग्रेड १ म्युसिनस गाठीला ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हटलं असेल, तर केमो सुरू करण्याआधी तपासणी पुन्हा करून घ्या. ग्रेड १ च्या गाठीत हर-२ थ्री प्लस, म्हणजे पॉझिटिव्ह आलं, तरी तेच. उलटा हिशेब मात्र करू नका. वय कमी म्हणून कोणी ट्रिपल निगेटिव्ह ठरत नाही.

मेळ का बिघडतो? बहुतेकदा बरणीमुळे. तालुक्याच्या गावी गाठ काढली, सलाईनमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं सोलापूरला पाठवली, की ईआर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं. गाठ तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये गेली पाहिजे. फॉर्मॅलिन गाठीच्या निदान दहापट, बरणी रुंद तोंडाची. फॉर्मॅलिन बाहेरून आत सावकाश मुरतं, तोवर मधला भाग सडतो. म्हणून मोठ्या गाठीला ५ मिलिमीटरवर काप द्यायचे. फॉर्मॅलिनमध्ये गाठ ६ ते ७२ तास ठेवायची. गाठ काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ बरणीवर लिहा, ही नोंद हमखास राहते. खरं तर निदानाआधी गाठ काढायचीच घाई नको. १४ गेजच्या सुईनं कोअर बायोप्सीचे चार-पाच तुकडे पुरतात. नुसत्या एफएनएसीवर (बारीक सुईनं ओढलेल्या पेशींची तपासणी) उपप्रकार ठरवू नका.

फेरतपासणीसाठी पुण्या-मुंबईला ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) नेताना सोलापूरचा मे महिना लक्षात ठेवा. ब्लॉकचं मेण ५६ ते ६० अंशांच्या आसपास वितळतं आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो. ब्लॉक हातातल्या पिशवीत ठेवा. प्रयोगशाळेला एकच विचारा: गाठीशेजारच्या निरोगी नलिकांना ईआरचा रंग आला होता का? नसेल, तर निगेटिव्ह निकाल ग्राह्य धरता येत नाही.

‘प्लस’ दिसला की पॉझिटिव्ह, हा समज शिकल्यासवरल्या घरांतही असतो. हर-२ मध्ये शून्य आणि वन प्लस निगेटिव्ह, थ्री प्लस पॉझिटिव्ह. टू प्लस म्हणजे निकाल अधांतरी. फिश तपासणी (हर-२ च्या जनुकाच्या प्रती मोजणारी) झाल्याशिवाय ट्रास्टुझुमॅब हे हर-२ वरचं औषध सुरूही करू नका, नाकारूही नका.

ग्रेड म्हणजे स्टेज (कॅन्सर किती पसरला ते) नव्हे. केआय-६७ चा आकडा प्रयोगशाळेगणिक बदलतो. १८ आणि २२ टक्क्यांमध्ये फार अर्थ शोधू नका.

कॅन्सर काही वर्षांनी उलटला, तर जुन्या रिपोर्टवर औषध ठरवू नका. उपप्रकार बदललेला असू शकतो, शक्य तिथे नवा तुकडा घ्यावा. तो हाडातला असेल, तर कॅल्शियम काढायला तीव्र आम्ल नको, ईडीटीए हे सौम्य रसायन वापरा, असं आधीच सांगून ठेवा. आम्लानं ईआर आणि हर-२ दोन्हींचे निकाल बिघडतात.