विहीर भरलेली आहे तोवरच पंपाला आवरा: मुंबईच्या किनाऱ्यावरच्या गोराई, मनोरी, मढच्या वाडीवाल्यांसाठी कार्तिकातला सल्ला

पाऊस परतला, विहिरी भरल्या आहेत आणि नेमका आताच आपला हात सैल सुटतो. मोठा पंप लावून वाफे भरायची सवय याच महिन्यात लागते. मग मार्चमध्ये पाणी मचूळ लागलं की दोष उन्हाळ्याला.

समुद्राकाठी गोड पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. त्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर साधारण ४० मीटर खोलीपर्यंत खारं पाणी दबून राहतं. वरची पातळी हातभर उतरली तरी खालचं खारं झपाट्यानं वर सरकतं. म्हणून बोअर खोल नेऊ नका, गोड पाणी वरच्याच थरात आहे. पंप लहान ठेवा, थोडा थोडा वेळ चालवा, मधे विहिरीला पाझरू द्या.

भात कापल्याबरोबर त्याच ओलीवर वाल टाका, त्याला पाणी फारसं लागत नाही. विहीर मचूळ होणारी असेल तर फरसबी, कांदा, गाजर नको. पालक, बीट तग धरतात. नारळाच्या आळ्यात पेंढा, झावळ्या अंथरा.

बांधकामाला टँकर भरून पाणी विकू नका, हे मी हात जोडून सांगतो. वसईच्या वाड्यांनी ते भोगलंय. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीला टँकरवाल्यांशी झुंजावं लागलं. घरं उभी राहायला हवीत, आपल्याच मुलांना ती लागणार आहेत. पण किनाऱ्याची आणि खाडीची रेती उपसली की समुद्राला आत यायला वाट मोकळी होते. स्वतःच्या बांधकामाला क्रश सॅण्ड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू मागा. वाडीतलं तळं किंवा बावखल (पाणी साठवणारं छोटं तळं) भरणी टाकून बुजवू नका. विहिरीला पाझर तिथूनच मिळतो. महापालिकेच्या नळाचं पाणी भात-वाफ्यांसाठी नाही, ते भातसा, तानसा, वैतरणेवरून येतं आणि तिकडच्या गावांनाही शेती आहे.

महिन्यातून एकदा ईसी मीटरनं, म्हणजे पाण्यातला खार मोजणाऱ्या यंत्रानं, पाणी तपासा. ०.७ डेसिसिमेन्स प्रति मीटरपर्यंत चिंता नाही, ३ च्या वर गेलं तर नाजूक भाजी लावू नका. मचूळ पाणी पानांवर फवारू नका, पानं करपतात. बुंध्याशी द्या, आणि पोटॅश द्यायचं तर म्युरिएटऐवजी (त्यात क्लोराइड असतं) सल्फेटचं घ्या.