तीन पायांच्या बिडाच्या भांड्यातलं मटण: उघड्या विस्तवावर पॉयकी कशी करायची

पहिल्यांदा पॉयकी केली ती इथे दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियात, शेजारच्या ओमनी वापरायला दिलेल्या भांड्यात. ओम म्हणजे आफ्रिकान्समध्ये, डचमधून आलेल्या इथल्या भाषेत, काका, ओळखीचा असो नसो, वडीलधाऱ्या माणसाला इथे ओमच म्हणतात. मटण परतलं, भाज्या घातल्या आणि घरच्या सवयीने दर दहा मिनिटांनी झाकण काढून डाव फिरवत राहिलो. तीन तासांनी बटाट्याचा लगदा झालेला, गाजर शोधून सापडेना, चव वाईट नव्हती पण सगळ्याची मिळून एकच चव झालेली. ओमनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, तू ढवळलंस. बाकी काही नाही. त्यानंतर कितीतरी वेळा ही पॉयकी केली, आणि मला खरंच वाटतं की ते एक वाक्य कळलं की निम्मी पॉयकी जमली, म्हणून सगळं नीट लिहून काढतोय.

पॉयकी म्हणजे छोटं भांडं आणि पॉयकीकॉस म्हणजे त्या भांड्यातलं जेवण, पण बोलताना लोक दोन्हीला पॉयकीच म्हणतात. भांडं बिडाचं, पोट गोल, खाली तीन पाय, वर जड झाकण आणि उचलायला तारेची कडी. १६५२ मध्ये डच लोक केपला, म्हणजे आत्ताच्या केप टाउनला, आले, तिथपासून या भांड्यांची इथली गोष्ट सुरू होते. पुढे १८३० च्या दशकात बोअर, म्हणजे मुख्यतः डच वंशाची शेतकरी कुटुंबं बैलगाड्या घेऊन आतल्या मुलखात निघाली तेव्हा हे भांडं गाडीखाली टांगलेलं असायचं, वाटेत जी शिकार मिळेल ती त्यात पडायची आणि मुक्कामाला परत विस्तवावर चढायची. इथल्या आफ्रिकन घरांमध्येही हे भांडं पिढ्यान्‌पिढ्या आहे, गावाकडे लग्न असो की मयत, अंगणात मोठाली तीन पायांची भांडी रांगेत लागलेली दिसतात. तीन पाय का, तर चार पायांचं खडबडीत जमिनीवर डुगडुगतं, तीन पायांचं कुठेही बसतं, आणि पायांमुळे खाली निखारे सारायला जागा मिळते.

भांडं घेताना नंबर बघून घ्या. ३ नंबरच्या भांड्यात साधारण आठ लिटर मावतं, आठ-दहा जणांचं जेवण आरामात होतं. चार माणसांच्या घराला २ नंबर पुरतं. महाराष्ट्रात असाल तर जाड बिडाची खोल कढई किंवा पातेलं, त्यावर घट्ट बसणारं जड झाकण आणि खाली तीन दगड, एवढ्यावर हेच सगळं करता येईल. मात्र पातळ अॅल्युमिनियमच्या पातेल्यात करू नका, ते लगेच तापतं, लगेच निवतं आणि तळाला लागतं. बीड सावकाश तापतं पण एकदा तापलं की तास-तासभर ऊब धरून ठेवतं, चार निखाऱ्यांवर मटण शिजतं ते त्यामुळेच.

नवं भांडं थेट वापरायचं नाही. त्यावर कारखान्यातला मेणाचा किंवा तसलाच थर असतो. आधी गरम पाण्याने आणि साबणाने घासून काढा, मग पाणी आणि भाज्यांची सालं-देठं घालून तासभर उकळा आणि ते सगळं फेकून द्या. भांडं कोरडं करून आतून-बाहेरून तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, विस्तवावर धूर येईपर्यंत तापवा, निवू द्या, परत तेल, परत तापवा, असं तीन-चार वेळा. याला सीझनिंग म्हणतात, आजीच्या बिडाच्या तव्याला आपण तेल पाजायचो तेच हे. तेल जळून त्याचा काळा गुळगुळीत थर धरतो, मग अन्न चिकटत नाही आणि गंजही चढत नाही.

आता विस्तव. इथे बहुतेक जण चुकतात, कारण भांड्याखाली मोठा जाळ करून त्याच्यावरच मटण शिजवायला बघतात. जाळ बाजूला करायचा आणि त्यातून फावड्याने थोडे-थोडे निखारे भांड्याखाली सारायचे. चार तास पुरेल एवढं लाकूड आधीच हाताशी ठेवा, अर्ध्यात संपलं तर मटण तसंच अर्धकच्चं बसून राहतं. इथे कामेलडोरिंग या बाभळीसारख्या काटेरी झाडाचं लाकूड सगळ्यात चांगलं मानतात, निखारा बराच वेळ टिकतो. केपच्या बाजूला रूइक्रान्स जाळतात, ते ऑस्ट्रेलियातून आणलेलं बाभळीच्या जातकुळीतलं झाड, तिकडे इतकं माजलंय की ते तोडून जाळणं चांगलंच समजतात. आपल्याकडे बाभूळ मिळाली तर आणखी काही शोधू नका. रंग दिलेल्या फळ्या, पॅकिंगची खोकी असलं काही जाळू नका, आणि रॉकेल तर नकोच, वास अन्नाला लागतो. अजून एक, प्रिटोरिया-जोहान्सबर्गकडे जून ते ऑगस्ट गवत वाळून कडकडीत झालेलं असतं, वारा सुटला की ठिणगी कुठच्या कुठे जाते. भोवतीचं गवत काढा, पाण्याची बादली जवळ ठेवा, वारा असेल त्या दिवशी बेत पुढे ढकला.

सामान आठ जणांसाठी सांगतो. २ किलो मटण, मानेचे आणि नळीचे तुकडे, हाडासकट आणि चरबीसकट. मऊ महागडे तुकडे घेऊ नका, ते तासाभरात शिजून नंतर चिवट-कोरडे होतात, मान आणि नळी मात्र तीन तासांत अशी होते की हाड हाताने ओढलं की निघतं, आणि त्यातल्या चिकाने रस्सा आपोआप दाट होतो. इथे कारू या कोरड्या, अर्धवाळवंटी भागातलं मटण नावाजलेलं आहे, तिथल्या मेंढ्या सुवासिक झुडपं खातात आणि तो वास मांसात उतरतो. बाकी ३ मोठे कांदे, ७-८ लसूण पाकळ्या, आलं, २ टोमॅटो, ४-५ गाजरं, किलोभर छोटे बटाटे सालासकट, अर्धा किलो लाल भोपळा किंवा बटरनट, दोन मुठी फरसबी, थोडे मशरूम. मसाल्यात २ चमचे धणे जाडसर कुटून, काळी मिरी, ४ लवंगा, २ तमालपत्रं. धणे वगळू नका, इथल्या मांसाच्या स्वयंपाकाचा वास म्हणजे धण्याचाच वास.

गोडा मसाला किंवा कांदा-लसूण मसाला चालेल का, असं मला भारतातून बरेच जण विचारतात. चालेल की. १८६० मध्ये मद्रासहून पहिलं जहाज डर्बनला लागलं, उसाच्या मळ्यांवर करारावर आणलेली माणसं त्यात होती, आणि तेव्हापासून डर्बनचा लालभडक मसाला या देशाच्या स्वयंपाकात आहे. डर्बनकडची पॉयकी चांगली तिखट असते. फक्त मसाला सुरुवातीला कांद्याबरोबर परता, शेवटी वरून टाकायला जाऊ नका, कारण ढवळायचं नाहीये आणि मग तो वरच कच्चा राहतो.

सुरू करताना भांड्याखाली भरपूर निखारे, थोडा जाळसुद्धा चालेल. भांडं चांगलं तापलं की ३ चमचे तेल, आणि मटण एकदम सगळं ओतू नका, तीन वेळा करून परता. सगळं एकदम टाकलं तर भांडं निवतं, मटणाला पाणी सुटतं आणि ते भाजायच्या ऐवजी उकडत बसतं. प्रत्येक तुकडा तळाला टेकू द्या, हलवू नका, आपोआप सुटला की उलटा. चांगला तपकिरी रंग यायला हवा, याला पंचवीस-तीस मिनिटं लागतात, लागू द्यात. मटण काढून घ्या, त्याच चरबीत कांदा लाल करा, मग आलं-लसूण, मसाला, शेवटी टोमॅटो. टोमॅटोच्या पाण्याने तळाला धरलेलं सगळं सुटतं, ते उलथन्याने खरवडून घ्या, चव त्यात आहे. ढवळायचं ते आत्ताच ढवळून घ्या.

मटण परत आत टाका, मीठ घाला आणि दीड-दोन कप गरम पाणी किंवा स्टॉक, इथले लोक त्यात कपभर रेड वाइनही घालतात. पाणी मटण बुडेल इतकं नको, अर्ध्यापर्यंत पुरे, भाज्यांचं पाणी पुढे सुटणारच आहे. आणि पाणी गरमच हवं. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर भांडं तडकतं, मी एक चांगलं जुनं भांडं असं तडकलेलं डोळ्यांनी बघितलंय, ते परत जुळत नाही.

झाकण लावा, खालचा जाळ काढून टाका आणि पाच-सहाच निखारे ठेवा. आता कान लावायचा. झाकणाजवळ कान नेला की आतून सावकाश रटरट ऐकू यायला हवी, एक बुडबुडा, मध्ये दम, मग दुसरा. आफ्रिकान्समध्ये याला प्रुट म्हणतात, शब्दच त्या आवाजासारखा आहे. खदखद ऐकू आली तर दोन निखारे बाहेर ओढा, काहीच ऐकू आलं नाही तर दोन आत सारा. ओम गप्पा मारता मारता मध्येच थांबायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि परत बोलायला लागायचे, आम्हाला कुणाला काही ऐकूही आलेलं नसायचं. झाकण उघडून बघायची गरजच नाही, दर वेळी उघडलं की वाफ जाते आणि पंधरा मिनिटं मागे पडता.

असं दीड ते दोन तास. जोहान्सबर्गला थोडा जास्तच वेळ धरा, शहर समुद्रसपाटीपासून साधारण १७५० मीटरवर आहे आणि पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे मटण उशिरा मऊ होतं. डर्बनला किनाऱ्यावर तेच लवकर होतं. मटणात सुरी सहज शिरायला लागली, पण हाड अजून सुटत नाहीये, ही भाज्या घालायची वेळ.

भाज्या मिसळायच्या नाहीत, थरावर थर लावायचा. ज्याला जास्त वेळ लागतो ते खाली. आधी गाजर, त्यावर बटाटे, मग भोपळ्याच्या मोठ्या फोडी, मग फरसबी, सगळ्यात वर मशरूम. प्रत्येक थरावर मीठ भुरभुरा. भाज्या रश्श्यात बुडलेल्या नसतात, खालच्या मटणाच्या वाफेवर शिजतात, ती वाफ झाकणाला लागून थेंब होऊन परत खाली येते आणि येता-येता प्रत्येक थरातून जाते. म्हणून भोपळ्याला भोपळ्याची चव राहते, बटाट्याला बटाट्याची, आणि तरी सगळ्याला मटणाचा वास असतो. इथे डाव घातला की हे सगळं संपलं. हात शिवशिवतो, मला माहितीय, आपल्याला रस्सा हलवल्याशिवाय चैन पडत नाही, पण डाव घरात ठेवून या.

झाकण लावून अजून तास-सव्वा तास, निखारे तितकेच. करपल्याचा वास आला तर घाबरून खालपासून ढवळू नका, करपलेलं वर येईल आणि सगळं भांडं कडू होईल, निखारे सगळे काढा, कडेकडेने पाऊण कप गरम पाणी सोडा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा, बहुतेक वेळा वाचतं. शेवटी वरून बटाट्यात सुरी घालून बघा, शिजला असेल तर भांडं खाली घ्या आणि झाकण न काढता पंधरा मिनिटं थांबा.

वाढताना डाव सरळ तळापर्यंत घालून उभा वर काढायचा, म्हणजे प्रत्येकाच्या ताटात सगळे थर येतात. सोबत पाप, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, नाही तर साधा भात. मला विचाराल तर भात. त्या दाट रश्श्याबरोबर गरम भात आणि वर कच्चा कांदा, २४ सप्टेंबरला इथे हेरिटेज डेची सुट्टी असते, गल्लीभर धूर असतो, त्या दिवशी आमच्याकडे हेच असतं. खरं तर ही वाढण्यापेक्षा तीन-चार तास विस्तवाभोवती बसायची गोष्ट आहे, लोकांना जेवायच्या वेळेला बोलवू नका, लाकूड पेटवायच्या वेळेला बोलवा.

उरलेलं त्याच रात्री दुसऱ्या भांड्यात काढा, टोमॅटोचं आंबट रात्रभर बिडात राहिलं तर तेलाचा थर खातं आणि अन्नाला लोखंडी चव येते. भांडं कोमट झालं की गरम पाण्याने ब्रशने घासा, विझत आलेल्या निखाऱ्यांवर ठेवून पूर्ण कोरडं करा आणि गरम असतानाच तेलाचा हात फिरवा. ठेवताना आत वर्तमानपत्राचा बोळा घालून झाकण थोडं तिरकं ठेवायचं, म्हणजे आत दमट राहत नाही आणि पुढच्या वेळी उघडल्यावर कुबट वास येत नाही.