फ्रान्समधून परदेशात घर घेताना काय पाहावे

फ्रान्समध्ये राहून परदेशात घर घेऊ पाहणाऱ्याने आधी घर कशासाठी हवे ते ठरवावे: सुट्टीसाठी, निवृत्तीनंतर कायम राहण्यासाठी की भाड्याच्या उत्पन्नासाठी. देशाची निवड बऱ्याच अंशी या उत्तरावरच अवलंबून असते.

सुट्टीच्या घरासाठी फ्रेंच लोकांची पावले सर्वाधिक वळतात ती स्पेनकडे, आणि त्यामागे अंतराचा हिशेब आहे. सीमेजवळच्या पेर्पिन्याँ या फ्रेंच शहरातून गाडीने निघालेला माणूस तासाभरात कोस्टा ब्राव्हा या स्पॅनिश किनारपट्टीच्या उत्तर भागात पोहोचतो, त्यामुळे घर शनिवार-रविवारीही वापरात राहते. मोरोक्कोत भाषेची अडचण नाही आणि पॅरिसहून माराकेशचे विमान सुमारे तीन तासांत पोहोचते. जुन्या शहरातील अंगण असलेल्या रियाद नावाच्या घरांना फ्रेंच गिऱ्हाईक आहे ते त्यामुळे. मॉरिशसमध्येही फ्रेंच चालते. तेथे परदेशी माणसाला मुख्यतः सरकारमान्य प्रकल्पांतच घर घेता येते, पण अशा प्रकल्पात ३,७५,००० अमेरिकी डॉलरच्या पुढे रक्कम गुंतवल्यास राहण्याचा परवानाही मिळतो.

केवळ कराच्या सवलतीसाठी घर घेणे मात्र धोक्याचे, असे माझे मत आहे. पोर्तुगालने २००९ मध्ये नव्या रहिवाशांसाठी सवलत योजना आणली, तीत परदेशातून येणाऱ्या खासगी निवृत्तिवेतनावर दहा वर्षे कर जवळजवळ लागत नसे, आणि अनेक फ्रेंच निवृत्तांनी लिस्बन व आल्गार्व्ह गाठले. २०२० पासून नव्याने येणाऱ्यांच्या निवृत्तिवेतनावर १० टक्के कर लागू झाला आणि २०२४ पासून मूळ योजना नव्या अर्जदारांसाठी बंद झाली. ज्याला तेथील हवा, दवाखाने आणि शेजार मनापासून पसंत होता त्याचे यात फारसे बिघडले नाही. (मोनाकोचा मोह असेल तर १९६३ चा करार आधी वाचावा; त्यानुसार तेथे राहायला गेलेल्या फ्रेंच नागरिकाला प्राप्तिकर सामान्यतः फ्रान्सलाच भरावा लागतो.)

खरी सावधगिरी लागते ती कागदपत्रांत, कारण फ्रान्समधील कायद्याचे संरक्षण सीमेपलीकडे लागू होत नाही. फ्रान्समध्ये राहत्या घराचे साठेखत केल्यावर खरेदीदाराला दहा दिवसांत कारण न सांगता माघार घेता येते, आणि कर्ज नामंजूर झाल्यास विसार परत मिळतो. स्पेनमध्ये जुन्या घराच्या व्यवहारात अशी मुदत आपोआप मिळत नाही. तेथे विसार साधारणतः किमतीच्या १० टक्के असतो. प्रचलित करारानुसार खरेदीदार मागे हटला तर विसार बुडतो आणि विक्रेता मागे हटला तर त्याने दुप्पट परत करायचा असतो. म्हणून कर्ज न मिळाल्यास विसार परत करण्याची अट करारात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी, आणि ती लिहून होईपर्यंत एक युरोही देऊ नये.

स्पेनमधील नोटरी मालकी आणि गहाणाचा बोजा पाहतो. वाढीव बांधकाम परवानगीने झाले आहे का, हे खोलात शिरून तपासणे त्याचे काम नाही. त्यासाठी विक्रेत्याशी किंवा दलालाशी संबंध नसलेला वकील नेमावा. नोंदणी कार्यालयातून 'नोता सिंप्ले' हा उतारा अल्प शुल्कात मिळतो; तो विसारापूर्वी एकदा आणि खरेदीखताच्या अगदी आधी पुन्हा काढावा. इमारतीच्या सामायिक खर्चाची चालू वर्षाची आणि त्याआधीच्या तीन वर्षांची थकबाकी फ्लॅटबरोबर नव्या मालकाच्या गळ्यात पडते, म्हणून थकबाकी नसल्याचा दाखला मागावा. परदेशी व्यक्तीचा ओळख क्रमांकही वेळेत काढावा लागतो. घर भाड्याने न देता बंद ठेवले तरी अनिवासी मालकाला मानीव, म्हणजे मिळाले असे गृहीत धरलेल्या, उत्पन्नावर दरवर्षी कर भरावा लागतो.

मोरोक्कोत भूमी अभिलेखात नोंदलेले मालकीपत्र असलेलेच घर घ्यावे. केवळ पारंपरिक दस्तावर विकल्या जाणाऱ्या घरावर पुढे वारसांचे दावे उभे राहू शकतात. शेतजमीन परदेशी व्यक्तीला सहसा घेता येत नाही. पैसे परकीय चलनात बँकेमार्फतच आणावेत आणि त्याचा पुरावा जपून ठेवावा. घर विकल्यावर रक्कम देशाबाहेर नेताना त्याचीच गरज पडते.

कर्जाची चौकशी लवकर करावी. परदेशातील घर तारण घेऊन कर्ज द्यायला फ्रेंच बँका सहसा राजी नसतात, त्यामुळे फ्रान्समधील घर गहाण ठेवणे किंवा स्थानिक बँकेकडे जाणे हेच पर्याय उरतात. करासाठी फ्रान्सचे रहिवासी राहणाऱ्याने परदेशातील बँक खाते ३९१६ क्रमांकाच्या फॉर्मवर दरवर्षी जाहीर करावे, अन्यथा प्रत्येक खात्यामागे किमान १,५०० युरो दंड होऊ शकतो. भाड्याचे उत्पन्नही फ्रान्सच्या विवरणपत्रात दाखवावे लागते. दुहेरी कर कसा टळतो ते त्या देशाबरोबरच्या करारावर अवलंबून असते. जगभरातील स्थावर मालमत्तेचे निव्वळ मूल्य १३ लाख युरोंच्या वर गेल्यास संपत्ती कर लागतो आणि परदेशातील घरही त्यात मोजले जाते.

शेवटी मृत्युपत्र. १७ ऑगस्ट २०१५ पासून लागू असलेल्या युरोपीय नियमानुसार वारसा सामान्यतः मृताच्या अखेरच्या वास्तव्याच्या देशाच्या कायद्याने ठरतो, मात्र मृत्युपत्रात आपल्या नागरिकत्वाचा कायदा निवडता येतो. हा नियम वारसा कराला लागू नाही. जोडीदाराशी विवाह किंवा नोंदणीकृत सहजीवनाचा करार झालेला नसेल, तर फ्रान्स मागे राहिलेल्या जोडीदाराकडून वारशावर तब्बल ६० टक्के कर आकारतो. अशा जोडप्याने घर कोणाच्या नावावर घ्यायचे हे खरेदीपूर्वीच नोटरीशी बोलून ठरवावे.