लेबलवर एक, टेपमध्ये भलतंच

पहिल्या दिवशी हातात आलेल्या व्हिडिओ कॅसेटच्या पाठीवर निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं, 'कीर्तन, गणपती ९१'. ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये मी तेच शीर्षक म्हणून टाइप केलं, वर्ष १९९१ टाकलं आणि पुढची कॅसेट ओढली. संध्याकाळपर्यंत अठरा नोंदी झाल्या, म्हणून स्वतःवरच खूश होते. आमच्या ग्रंथपालांना सगळे काका म्हणायचे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "छान. यातली लावून कुठली बघितलीस?"

एकही नाही.

दुसऱ्या दिवशी तीच कॅसेट लावली. नमन झालं, पूर्वरंगाचा अभंग झाला, निरूपण छान रंगलं, मध्यंतरात बुवांना हार घालून बुक्का लावला. मग पडद्यावर मुंग्या आल्या आणि एकदम कोणाच्या तरी घरची हळद सुरू झाली. पाटावर नवरी, भोवती बायका, एक मामा कॅमेऱ्यापुढे हात धरून "बंद कर रे ते" म्हणतायत. ही हळद चौदा मिनिटं चालली. पुन्हा मुंग्या, आणि थेट कीर्तनाची आरती. उत्तररंगातलं अख्खं आख्यान गायब. मंडळाच्या कपाटातली कॅसेट कोणीतरी 'एक दिवसासाठी' घरी नेली होती, हे उघड होतं. आणि मी मात्र कॅटलॉगमध्ये त्याला पूर्ण कीर्तन करून टाकलं होतं.

बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, करून नुकतंच बाहेर पडलेल्या किंवा एखाद्या जुन्या संस्थेत कपाटभर कॅसेटसमोर उभं केलं गेलेल्यांसाठी हे लिहितेय. मी बडोद्याची, बी.लिब. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून केलं. नाव वडोदरा झालं तरी आमच्या घरात अजून बडोदाच म्हणतात, आणि हा मुद्दा पुढे कॅटलॉगमध्येही येणार आहे. संस्थेचं नाव सांगत नाही. जुन्या मराठी वस्तीतलं मंडळ, गणेशोत्सव, व्याख्यानमाला, गाण्याच्या बैठका, आणि १९८० नंतरचं सगळं व्हिडिओवर, एवढं पुरे.

आमच्या अभ्यासक्रमात पुस्तकांचं तालिकीकरण, म्हणजे कॅटलॉगच्या नोंदी करणं, भरपूर होतं, व्हिडिओचं जेमतेम. एएसीआर-२ या तालिकीकरणाच्या नियमपुस्तकाचं सातवं प्रकरण चलच्चित्रं आणि व्हिडिओ यांचं आहे, एवढं परीक्षेपुरतं पाठ होतं. गंमत म्हणजे याच शहरात सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं, १९११ मध्ये ग्रंथपालनाचा वर्ग सुरू झाला, आणि त्या ग्रंथालय खात्याची एक शाखा मॅजिक लँटर्न आणि सिनेमाची यंत्रं घेऊन लोकांना चित्रं दाखवायची. त्या खात्याच्या 'लायब्ररी मिसेलनी' या नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभागही होता. शंभर वर्षांपूर्वी संस्थानात प्रोजेक्टर होते, आणि आम्हाला २०१७ मध्ये चालू व्हीसीआर मिळवायला चार महिने लागले.

तर पहिली गोष्ट व्हीसीआरचीच. व्हीएचएस, म्हणजे त्या काळच्या नेहमीच्या व्हिडिओ कॅसेट, चालवणारे डेक आता कोणी नवे बनवत नाही. शेवटचा मोठा उत्पादक २०१६ मध्ये थांबला. जुना मिळेल तोच घ्यायचा, आणि शक्य झालं तर दोन घ्यायचे, कारण एक बंद पडणारच. आमचा पहिला डेक एका दुरुस्तीवाल्याने अडगळीतून काढून दिला. लावण्याआधी प्रत्येक कॅसेट उजेडाला धरून खिडकीतून गुंडाळीच्या कडा बघायच्या. पांढरी बुरशी दिसली की ती कॅसेट मशीनमध्ये घालायची नाही, मग आतमध्ये काहीही असो. मी एकदा उतावळेपणाने घातली. बुरशी हेडला चिकटली आणि त्यानंतर लावलेल्या तीन चांगल्या कॅसेटही खरखरीत दिसायला लागल्या. हेड साफ करून घ्यायला आठवडा गेला आणि काका तो आठवडाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाट म्हणजे बुरशीला आमंत्रणच. कॅसेट पुस्तकासारख्या उभ्या ठेवायच्या, एकावर एक रचायच्या नाहीत, आणि पूर्ण रिवाइंड करून ठेवायच्या. व्हिनेगरसारखा वास आला का हे लोक विचारतात, पण तो जुन्या अॅसिटेट फिल्मचा आजार आहे. व्हिडिओ टेपचा पाया पॉलिएस्टरचा असतो, तिथे वास शोधत बसू नका.

आता शीर्षक. नियम साधा आहे: माहिती आधी पडद्यावर येणाऱ्या शीर्षकपट्टीवरून, ती नसेल तर कॅसेटच्या लेबलवरून, मग डब्यावरून. बाजारातल्या डीव्हीडीला हे सहज लागू पडतं. घरगुती आणि मंडळाच्या रेकॉर्डिंगला शीर्षकपट्टी नसतेच, मग आपण शीर्षक तयार करतो आणि ते आपण दिलं आहे हे टीपेत सांगतो. लेबलवरून घेतलं असेल तर तेही सांगतो. या एका टीपेचा मला सुरुवातीला कंटाळा यायचा. आता ती नसलेली नोंद दिसली की मला संशय येतो.

वर्षाचं प्रकरण त्याहून गमतीदार. १९९० च्या सुमाराच्या कॅमेऱ्यांना कोपऱ्यात तारीख छापायची भारी हौस. एका व्याख्यानाच्या टेपवर ठळक '१.१.१९९०' दिसत होतं. मी आनंदाने ते लिहिणार, तेवढ्यात लक्षात आलं की वक्त्यांच्या मागे भिंतीवरचा पंखा गरगर फिरतोय आणि श्रोते वारा घेतायत. बडोद्यात जानेवारीत कोण वारा घेतं? बॅटरी बदलल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ मूळ तारखेवर जातं आणि कोणी ते लावत नाही. शेवटी मागच्या कापडी फलकावर व्याख्यानमालेचं 'वर्ष २८ वे' एवढं वाचता आलं, आणि मंडळाच्या जुन्या अहवालावरून साल काढलं. पक्कं नसेल तर चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह लिहायचं, [१९९३?] असं. न लिहिण्यापेक्षा आणि ठामपणे खोटं लिहिण्यापेक्षा हे बरं.

आणि एक चूक मी महिनाभर केली, तुम्ही करू नका. मंडळाने स्वतःच्या कार्यक्रमाचं केलेलं रेकॉर्डिंग हे प्रकाशन नाही. पुस्तकांच्या सवयीने मी प्रकाशनस्थळ माहीत नाही, प्रकाशक माहीत नाही असं लिहीत बसले होते. अप्रकाशित व्हिडिओला ते लागतच नाही, तयार झाल्याचं साल पुरे. मार्क हा संगणकावरच्या नोंदीचा साचा, त्यात प्रत्येक माहितीला क्रमांकाचा रकाना असतो. आरडीए, म्हणजे एएसीआर-२ नंतरचे नियम, त्याप्रमाणे मार्कच्या २६४ मध्ये दुसरा दर्शक (रकान्याचा प्रकार सांगणारा आकडा) शून्य, म्हणजे 'निर्मिती'. कार्यक्रम कुठे आणि कधी झाला ते ५१८ मध्ये, आणि आमच्यासारख्या संग्रहात शोधणाऱ्यांना ५१८ हेच सर्वात जास्त लागतं.

भौतिक वर्णनात घाई करू नका. डब्यावर 'ई-१८०' असतं म्हणून कार्यक्रम १८० मिनिटांचा नसतो, ती टेपची लांबी आहे. त्या कीर्तनाच्या कॅसेटमध्ये कीर्तन दोन तुकडे मिळून एक तास सहा मिनिटं होतं. ३०० मध्ये एक व्हिडिओकॅसेट, ६६ मिनिटं, रंगीत, ध्वनियुक्त, टेपची रुंदी अर्धा इंच. ३०६ मध्ये तीच वेळ सहा आकड्यांत, ०१०६००. ५३८ किंवा ३४६ मध्ये व्हीएचएस आणि पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत), कारण परदेशातल्या नातवाने घरी नेऊन लावली तर त्याच्या एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या पद्धतीच्या, मशीनवर चालणार नाही, हे आधीच कळावं. ००७ मध्ये कॅसेटचे भौतिक गुण सांकेतिक अक्षरांत द्यायचे असतात, ते कोष्टक पहिल्यांदा बघून पोटात गोळा येतो, पण व्हीएचएसचं एकदा बसवलं की शंभर कॅसेटना तेच चालतं. कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये साचा करून ठेवा. गुजरातमध्ये बऱ्याच कॉलेजांत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं सोल हे सॉफ्टवेअर आहे, तिथेही मार्क २१ च आहे, तेव्हा एकदा शिकलेलं वाया जात नाही. बरीच जुनी मंडळी अजून शीर्षकापुढे चौकटी कंसात 'व्हिडिओरेकॉर्डिंग' लिहितात. ते एएसीआर-२ चं. आरडीएमध्ये ते काम ३३६, ३३७ आणि ३३८ (आशय, माध्यम आणि वाहक यांचे रकाने) करतात. जुन्या नोंदी एकदम बदलायच्या भानगडीत पडू नका, नव्या मात्र एकाच पद्धतीने करा.

कर्ता कोण, यावर काकांचं आणि माझं एकदा कडाक्याचं वाजलं. मला बुवांना मुख्य नोंद द्यायची होती, म्हणजे नोंद त्यांच्या नावाखाली, कारण कीर्तन त्यांचं. काका म्हणाले, "हार्मोनियमवाला, तबलजी, कॅमेरा करणारा, कार्यक्रम ठेवणारं मंडळ, सगळ्यांनी मिळून ही टेप झालीय. शीर्षकाखाली ठेव, बुवांना ७०० मध्ये, इतर सहभागींच्या रकान्यात दे, भूमिकेसह. त्यांच्या नावाने शोधणाऱ्याला सापडलं की झालं." तेव्हा पटलं नव्हतं. पुढे एकाच बैठकीत तीन गायिका असलेली टेप आली तेव्हा गुपचूप मान्य केलं. सादर करणाऱ्यांची यादी ५११ मध्ये, तांत्रिक बाजूची ५०८ मध्ये.

पण ही नावं मिळणार कुठून? इथे नियमपुस्तक संपतं. आम्ही दर शनिवारी दुपारी टीव्ही बाहेर हॉलमध्ये लावायला लागलो. वस्तीतल्या दोन-तीन आजी, एक निवृत्त शिक्षक, कधी एखादा नातू. चहा आणि शेव-उसळ मंडळाची. त्यातल्या एका आजींनी एका बैठकीतल्या तबलजीला चेहऱ्यावरून ओळखलं नाही, पण अंगठ्यांवरून ओळखलं. "हा आमच्या गल्लीतला, दोन अंगठ्या घालायचा, आई रागवायची." कोणी सांगितलं, कधी सांगितलं, हे वहीत लिहून ठेवायचं आणि दुसऱ्या कोणीतरी दुजोरा दिला तरच नाव नोंदीत घालायचं. स्मरणशक्ती उदार असते, एका माणसाला दोन कार्यक्रमांत बसवते. आजींना ही पडताळणी अजिबात आवडायची नाही. "म्हणजे मी काय खोटं सांगते?" हे ऐकायची तयारी ठेवा.

भाषेचं आमच्याकडे वेगळंच. निवेदक गुजरातीत बोलतो, पाहुणे हिंदीत, बुवा मराठीत, आणि आभार पुन्हा गुजरातीत. ००८ मध्ये मुख्य भाषा एकच देता येते, बाकीच्या ०४१ मध्ये आणि ५४६ मध्ये एका ओळीत: 'कीर्तन मराठी, निवेदन गुजराती'. शीर्षकात बडोदा असेल तर वडोदरा पर्यायी शीर्षकाच्या २४६ मध्येही टाका, आणि 'बडोदे'ही. आमच्याकडे एका मुलाने 'वडोदरा' टाइप करून काहीच सापडत नाही अशी तक्रार केली होती, आणि ती खरी होती. 'कीर्तन', 'प्रवचन' आणि 'भजन' हे तीन शब्द लेबलं लिहिणाऱ्यांनी मन मानेल तसे वापरलेत. लावून बघितल्यावरच ठरतं. आख्यानाचं नाव मिळालं तर सारांशाच्या ५२० मध्ये जरूर लिहा. दामाजीपंतांचं आख्यान शोधत येणारे लोक अजून आहेत, साल विचारत येणारे फारसे नाहीत.

त्या हळदीचं काय केलं? खाजगी घरातलं रेकॉर्डिंग, कोणाचं ते माहीत नाही. वेगळी नोंद केली नाही. मूळ नोंदीच्या टीपेत 'मध्यंतरी १४ मिनिटं असंबंधित खाजगी रेकॉर्डिंग, उत्तररंगाचा भाग उपलब्ध नाही' एवढं लिहिलं आणि संगणकावर उतरवलेल्या प्रतीत तो भाग लोकांना दाखवायचा नाही असं ठरवलं. बैठकींचंही तसंच: कपाटात कॅसेट आहे म्हणून ती इंटरनेटवर टाकण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. आपल्या कायद्यात सादरकर्त्याचा हक्क पन्नास वर्षं असतो. कलाकार किंवा घरचे यांची लेखी परवानगी, ती मिळेपर्यंत ५०६ मध्ये 'फक्त ग्रंथालयात पाहण्यासाठी'.

नोकरीबद्दल विचाराल तर, हे काम बहुतेक वेळा कंत्राटी आणि प्रकल्पापुरतं असतं, आणि मुलाखतीत 'व्हिडिओचं तालिकीकरण येतं का' असं कोणी विचारत नाही. कोहा येतं का, देवनागरी युनिकोडमध्ये वेगाने टाइप करता येतं का, हे विचारतात. कॅसेट लावून बघायला लागल्यावर माझा वेग सुरुवातीला दिवसाला दोन कॅसेट होता. कार्यक्रम सव्वा तासाचा असेल तर नोंदीला सव्वा तास लागणारच, हे समितीला समजावून सांगणं हेही कामच धरा. समितीतल्या एका गृहस्थांनी "लेबल वाचून लिहायला दोन मिनिटं लागतात" असं ऐकवलं, तेव्हा मी त्यांना कीर्तनाची कॅसेट लावून दाखवली. बुक्क्यापर्यंत ते शांत बसले होते. हळद आल्यावर त्यांनी नवरीकडे निरखून पाहिलं, आणि ओळखलं नाही म्हणाले, पण जरा लवकरच म्हणाले असं मला वाटलं.

दुसरा डेकही गेल्या पावसाळ्यात बसला. एकतीस कॅसेट अजून बघायच्या राहिल्यात, त्यातल्या नऊंवर बुरशी आहे. त्यांच्या नोंदी केल्यात, पण प्रत्येकीत एकच टीप आहे: 'शीर्षक लेबलवरून, रेकॉर्डिंग पाहिलेले नाही.'