इंजिनचं काम झालं, तरी गाडी मिसिंग करते? आधी सिलिंडर शोधा

प्रीमियर पद्मिनीचं इंजिन बोअर करून, नव्या रिंगा आणि घासलेले व्हॉल्व्ह घालून बसवलं. पहिल्या स्टार्टला गाडी चालू झाली, पण आयडलिंगला बॉनेट थरथरतंय आणि सायलेन्सरमधून ‘फट् फट् फट्’ करताना चौथा ठोका गळतोय. हेच मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नाहीये. अशा वेळी लगेच पुन्हा हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उघडायला घेऊ नका. नव्याने बांधलेल्या इंजिनात दोष बहुतेक वेळा हात लागलेल्या जागीच असतो आणि तो बाहेरून सापडतो.

पहिलं काम म्हणजे कुठला सिलिंडर मरतोय ते ठरवणं. इंजिन आयडलिंगवर ठेवा. रबरी मुठीच्या पक्कडीने एकेका प्लगची वायर काढा आणि तिचं टोक लगेच इंजिनच्या लोखंडाला टेकवा, हवेत लोंबकळू देऊ नका. वायर काढल्यावर इंजिन आणखी बसलं, तर तो सिलिंडर काम करतोय. ज्याची वायर काढूनही आवाजात काही फरक पडत नाही, तोच आपला सिलिंडर. ही पद्धत पॉइंटवाल्या (स्पार्कसाठी उघडझाप करणारे धातूचे पॉइंट असलेल्या) जुन्या गाड्यांसाठी आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत चालू इंजिनची वायर उपटलीत तर कॉइल किंवा मॉड्यूल जाऊ शकतं.

दोन सिलिंडर मेलेले दिसले तर आधी वायरी बघा. पद्मिनीचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ आहे आणि एक नंबर रेडिएटरकडून मोजायचा. डिस्ट्रिब्यूटरची (प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप काढून रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने हा क्रम लावा. दोन वायरींची अदलाबदल ही इंजिन बसवताना सर्रास होणारी चूक आहे.

एकच सिलिंडर मेला असेल, तर त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा आणि शेजारचा इकडे. मिसिंग प्लगबरोबर सरकलं तर प्लग खराब. नाही सरकलं तर वायरीचीही अशीच अदलाबदल करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग, वायर, कंडेन्सर सगळं एकदम बदललं, तर दोष गेला तरी कशाने गेला ते कळत नाही. नवा प्लग डब्यातूनच खराब निघू शकतो, म्हणून ‘नवाच आहे’ या शब्दावर विसंबू नका. काढलेला प्लग नीट बघा. पेट्रोलने ओला असेल तर करंट किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी, तेलाने काळा असेल तर रिंगा अजून बसलेल्या नाहीत किंवा तेल वर चढतंय.

करंट ठीक असेल तर मात्र टॅपेट बघा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यातली फट. माझा सगळ्यात जास्त संशय इथेच असतो. माझ्या गाडीत तीन नंबर मरत होता. दोनदा प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ केला, काही उपयोग नाही. शेवटी व्हॉल्व्ह कव्हर काढलं आणि तीनच्या एक्झॉस्ट टॅपेटमध्ये फिलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांच्या जुडग्याचं) सगळ्यात पातळ पातंही शिरेना. घासलेला व्हॉल्व्ह थोडं चालल्यावर सीटमध्ये खोल बसतो, त्याचं वरचं टोक रॉकरकडे सरकतं आणि फट नाहीशी होते. मग व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि ज्वाला त्याची कड जाळत सुटते. थोडं वाजणारं टॅपेट चालेल, घट्ट टॅपेट अजिबात चालणार नाही.

सेटिंग थंड इंजिनवर, मॅन्युअलमधल्या मापानेच करा. चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह हलत असतील (एक मिटतोय, दुसरा उघडतोय) तेव्हा एक नंबरचे टॅपेट लावा. एकचे हलताना चारचे. दोन आणि तीनची जोडीही तशीच.

एवढं करूनही मिसिंग राहिलं, तर कॉम्प्रेशन गेजने मोजा. इंजिन गरम हवं, चारही प्लग बाहेर, कॉइलची मधली वायर बॉडीला टेकवलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे द्या. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती ते महत्त्वाचं, कारण नव्या रिंगांचं कॉम्प्रेशन सुरुवातीला कमीच येतं. एकच सिलिंडर खाली असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर त्यांच्यामधलं हेड पॅकिंग उडालेलं असण्याची शक्यता मोठी. हेड उघडायची वेळ आली तर ती इथे, त्याआधी नाही.

दोष निघाल्यावर काही शे किलोमीटर चालवून, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने आणि टॉर्कने पुन्हा कसा. हेड दाबलं गेलं की टॅपेटची फट बदलते, म्हणून फिलर गेज त्यानंतर पुन्हा एकदा फिरवायचं.